अगंबाई, प्रकाशनात एम. ए.!

ऐकलंत का? पुस्तकं काढायची डिग्री निघालीय. लिहायची नव्हे हं, काढायची! आणि तीही पदव्युत्तर. म्हणजे आधी कशात तरी रीतसर पदवी घ्यायची, मग बँकेच्या दारात उभं राहायचं, विमानात बसायचं आणि वर्षभराने 'मास्टर' होऊन उतरायचं. कशात मास्टर? तर प्रकाशनात. आमच्या शेजारच्या काकूंना मी हे सांगितलं, तर त्या हातातली भाजी खाली ठेवून म्हणाल्या, "म्हणजे छापखाना काढणार का?" म्हटलं, नाही. "मग दुकान?" तेही नाही. "मग पोरगी करणार काय?" याचं उत्तर अजून आमच्या सोसायटीत कुणालाच नीट देता आलेलं नाही.

पोरगी म्हणजे माझ्या मावसबहिणीची मुलगी. दहावीपर्यंत तिच्या आईने "अवांतर वाचन पुरे आता" म्हणून हिच्या हातातली पुस्तकं ओढून कपाटावर टाकली. आता त्याच आईने त्याच अवांतर वाचनापायी फ्लॅट तारण ठेवला आहे. परदेशी विद्यार्थ्याला ब्रिटनमध्ये या वर्षभराच्या एम. ए.ची फी पंधरा-वीस हजार पौंडांच्या घरात पडते, लंडनमधल्या बड्या विद्यापीठात त्याहूनही बरीच जास्त. वर खोलीचं भाडं, प्रवास, थंडीचे कोट. तीस-पस्तीस लाखांचा चुराडा! तेवढ्या पैशांत, बहिणीच्या सासूबाईंच्या मते, पोरीला दरवर्षी एक याप्रमाणे पुस्तकंच काढून दिली असती तर जन्मभर पुरली असती. हिशेब अगदीच चूक नाही.

एकटी हीच गेली असती तर विषय तिथेच संपला असता. पण साथच आली आहे! स्कॉटलंडात स्टर्लिंगला हे शिकवतात, लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकवतात, न्यूयॉर्कमध्ये तर एन. वाय. यू. आणि पेस अशी दोन-दोन विद्यापीठं एकाच बेटावर दुकान मांडून बसली आहेत. कॅनडात व्हँकूव्हरच्या सायमन फ्रेझर विद्यापीठाने १९९५च्या सुमारासच 'मास्टर ऑफ पब्लिशिंग' करून ठेवलंय. आणि सगळ्यांच्या तोंडी असलेलं ऑक्सफर्ड. त्यातली एक आतली गोष्ट सांगते, माझं नाव घेऊ नका. हे ते ऑक्सफर्ड नव्हे. हे ऑक्सफर्ड ब्रूक्स. १९९२पर्यंत त्याला ऑक्सफर्ड पॉलिटेक्निक म्हणत. ज्या ऑक्सफर्डमध्ये काळे झगे घालून लॅटिन बोलतात, त्या ऑक्सफर्डला प्रकाशनाची एम. ए. आपल्या अंगणात बसवावी असं काही वाटलेलं नाही. पण लग्नाकार्यात ओळख करून देताना आमची बहीण "ऑक्सफर्डला असते" इथे थांबते आणि 'ब्रूक्स' पाण्याच्या घोटाबरोबर गिळते. मात्र प्रकाशन शिकवण्यात नाव आहे ते याच पॉलिटेक्निकवाल्यांचं, हेही सांगून टाकते.

आता खरा चावट भाग. इतकं सगळं करून ज्यांच्या दारात उभं राहायचं, ते प्रकाशक काय म्हणतात? जानेवारी २०१६मध्ये पेंग्विन रँडम हाउसने ब्रिटनमध्ये जाहीर करून टाकलं की आमच्याकडे नोकरीला यायला पदवीची अटच नाही. कसलीही! बी. ए.सुद्धा नको, मग एम. ए.चं लोणचं घालायचं का? हेतू चांगला होता म्हणे, पैसेवाल्या घरातली तीच ती मुलं सोडून निराळी माणसं यावीत असा. पण ज्यांनी त्याच वर्षी फी भरली होती, त्यांच्या घरी त्या दिवशी चहा कसा गोड लागला असेल, याचा विचार करा.

आणि पगार? त्याची तर जाहीर वरात निघाली. नोव्हेंबर २०२२मध्ये न्यूयॉर्कला हार्परकॉलिन्सचे अडीचशेच्या आसपास कर्मचारी संपावर गेले. संपादक, डिझायनर, जाहिरात विभागातली मुलं, सगळी कडाक्याच्या थंडीत पाट्या घेऊन फुटपाथवर. सुरुवातीचा पगार वर्षाला ४५,००० डॉलर, तो ५०,००० करा ही एक मुख्य मागणी. आपल्याला आकडा ऐकून चक्कर येते, पण मॅनहॅटनमध्ये त्या पैशांत स्वतंत्र घर म्हणाल तर विसरा. मालक कोण, तर रूपर्ट मर्डॉक यांची न्यूज कॉर्प. फेब्रुवारी २०२३पर्यंत गाडं अडलं आणि मग कंपनी टप्प्याटप्प्याने ५०,०००वर यायला कबूल झाली. म्हणजे बघा, ज्यांचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या वाक्यातल्या चुका काढण्यात गेलं, ते घोषणांच्या पाट्या लिहायला बसले! स्वल्पविराम तरी जागेवर असतील, एवढं समाधान.

जुनी माणसं तर या डिग्रीचं नाव काढलं की हसतात, आणि त्यांच्याजवळ दाखलेही आहेत. ॲलन लेन १९१९ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी शाळा सोडून नातेवाइकाच्या बॉडली हेड या प्रकाशनसंस्थेत चिकटला आणि १९३५ साली सिगारेटच्या पाकिटाच्या किमतीत, सहा पेन्सला एक, अशी पेंग्विनची पुस्तकं काढून सगळा बाजार उलटा करून बसला. आपले जावजी दादाजी घ्या. पोरवयात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात उमेदवारी केली, १८६४मध्ये छपाईचे खिळे पाडायचा स्वतःचा कारखाना घातला, १८६९मध्ये निर्णयसागर छापखाना. त्यांच्या देवनागरी खिळ्यांवर आणि संस्कृत ग्रंथांवर देशभरातले पंडित विसंबले. कोणत्या विद्यापीठाने शिकवलं होतं? पोटाने आणि हातांनी. भारतात छापखाना आला तोसुद्धा वाट चुकून. १५५६ साली पोर्तुगीज जहाजातून तो निघाला होता ॲबिसिनियाला, अडकला गोव्यात, आणि जुन्या गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात बसवला गेला. या धंद्याचा आपल्याकडचा श्रीगणेशाच असा नियोजनशून्य!

पण माझा सगळ्यात आवडता दाखला दहा वर्षांच्या मुलाचा आहे. १९३६ साली लंडनच्या स्टॅन्ले अन्विन या प्रकाशकाकडे ऑक्सफर्डच्या (त्या खऱ्या ऑक्सफर्डच्या!) एका प्राध्यापकाचं बाड आलं. अन्विन यांचं म्हणणं असं की मुलांच्या पुस्तकाची पारख मुलांनीच करावी. त्यांनी ते आपल्या मुलाला, रेनरला, वाचायला दिलं आणि अभिप्राय लिहून दिल्याबद्दल एक शिलिंग दिला. पोराने लिहून दिलं की पुस्तक चांगलं आहे, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आवडेल. स्वतः दहाचा, म्हणून स्वतःला त्यातून वगळलं! ते पुस्तक म्हणजे टॉल्किन यांचं 'द हॉबिट'. सप्टेंबर १९३७मध्ये पहिली आवृत्ती निघाली ती १,५०० प्रतींची, आणि नाताळ यायच्या आत संपली. आमच्या भाचीला याच कामाचा, म्हणजे आलेलं बाड वाचून पानभर अभिप्राय लिहायचा, अख्ख्या सत्रात सराव होता आणि त्याला मार्क होते. शिलिंग मात्र कुणी दिला नाही, उलट तिनेच मोजले.

बरं, हे खूळ कालपरवाचं असतं तर "आजकालची पोरं" म्हणून हात झटकले असते. तेही नाही. जर्मनीत लाइपझिगला पुस्तकविक्रेत्यांनी आपल्या उमेदवारांसाठी १८५३ साली शाळा उघडली होती. १८५३! आपल्याकडे आगगाडी पहिल्यांदा ठाण्याला गेली ते वर्ष. पुस्तकाच्या दुकानातल्या पोऱ्यानेही हिशेब, व्यापार आणि भाषा शिकूनच गल्ल्याशी उभं राहावं, ही जर्मन शिस्त. मग १९४७मध्ये अमेरिकेत रॅडक्लिफ या मुलींच्या कॉलेजने उन्हाळ्यात सहा आठवड्यांचा प्रकाशनाचा वर्ग काढला. पुढे तो न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेला. डिग्री नव्हे ती, पण दबदबा डिग्रीच्या वर. तिथला एक प्रकार ऐका. पोरांचे गट करायचे, प्रत्येक गटाने एक काल्पनिक प्रकाशनसंस्था थाटायची, कुणीच न लिहिलेल्या पुस्तकांची यादी करायची, त्यांची मुखपृष्ठं, जाहिराती, खर्चाचे अंदाज सगळं रात्र-रात्र जागून तयार करायचं आणि धंद्यातल्या खऱ्या माणसांपुढे मांडायचं. न लिहिलेल्या पुस्तकांची यादी! आपल्याकडे याला 'आगामी' म्हणतात आणि ती मलपृष्ठावर पंधरा-पंधरा वर्षं बिनफी छापली जाते.

अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट विद्यापीठाने तर कहर केला. २००१मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांच्या हातात खरीखुरी प्रकाशनसंस्थाच दिली. बाडं मुलांनी वाचायची, कुठलं घ्यायचं ते मुलांनी बसून ठरवायचं, संपादन त्यांचं, मुखपृष्ठ त्यांचं, विक्रीची धावपळ त्यांचीच. संस्थेचं नाव ऊलिगन. हा पॅसिफिक किनाऱ्यावरचा एक बारीकसा, तेलकट मासा. आपल्याकडे कुणी 'मांदेली प्रकाशन' काढून दाखवावं, ग्रंथालयाच्या खरेदीत येतं का बघू!

आपल्या देशातही सोवळं राहिलेलं नाही हो. कोलकात्याला सीगल बुक्सवाल्यांनी २०१२मध्ये संपादन आणि पुस्तकाची मांडणी शिकवणारी शाळा उघडली. इग्नूचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, म्हणजे घरबसल्या, टपालाने प्रकाशक होता येतं. नॅशनल बुक ट्रस्टही वर्ग घेतं. आणि मराठीत? मराठीत ही विद्या दुकानाच्या माळ्यावर शिकायची. बाइंडरकडे फर्मे मोजता-मोजता, ओली मुद्रितं वाचता-वाचता. मौज प्रकाशनाच्या खटाववाडीत संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांची एकेक कथा परत-परत लिहून घेतली, सोबत पानभर पत्रं पाठवली. ती पत्रं म्हणजेच एक विद्यापीठ होतं. फी नव्हती, पण प्रवेश त्याहून अवघड होता, आणि नापास झालेल्यांनी त्याबद्दल पुढे जे काही लिहून ठेवलंय ते वेगळ्याच चर्चेचं प्रकरण आहे, पुन्हा कधीतरी.

तर एवढे पैसे ओतून ही मंडळी शिकतात तरी काय? मला वाटलं होतं, शेक्सपिअर. भाची सुट्टीत आली तेव्हा तिच्या लॅपटॉपवर मी डोकावले. शेक्सपिअरचा पत्ता नाही. एक्सेलचा तक्ता! वर पुस्तकाचं नाव, खाली नुसते आकडे. तिने मला बसवून दाखवलं, आणि मी तुम्हाला सांगते, इतकं अश्लील काही मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

समजा, पुस्तकाची किंमत ९.९९ पौंड. छापल्या ३,००० प्रती. दुकानदाराने निम्मं कमिशन कापलं, हातात आले पाच. लेखकाची रॉयल्टी साडेसात टक्के छापील किमतीवर, म्हणजे पाऊण पौंड. छपाई प्रतीला सव्वाच्या आत, १.२० धरा. इथपर्यंत चेहरे हसरे. मग येतो परतीचा रकाना. तिकडे दुकानदार न विकलेली पुस्तकं साभार परत करतो, अगदी साडीच्या दुकानात बोहणी मोडावी तशी. समजा, सहाशे परत आली. उरल्या २,४०० विकलेल्या. जमा १२,०००. रॉयल्टीचे १,८०० गेले. छपाई मात्र ३,०००चीच द्यायची, कारण छापखानेवाला परत घेत नाही, ते ३,६००. उरले ६,६००. त्यातून संपादन, अक्षरजुळणी आणि मुखपृष्ठाचे ३,५००, गोदाम आणि वितरणाचे १,५००, जाहिरातीचे १,०००. राहिले किती? सहाशे पौंड. पुस्तकामागे नव्हे, सगळ्या तीन हजारांमागे मिळून! त्यात ऑफिसचं भाडं, वीज आणि ज्या पोरीने वर्षभर त्या पुस्तकाची उस्तवार केली तिचा पगार.

"मग धंदा चालतो कसा?" मी विचारलं. "दहातलं एखादं धावतं, मावशी," ती म्हणाली, "आणि कुठलं धावेल ते कुणालाच माहीत नसतं. म्हणूनच तर तक्ता करायचा." शिक्षकांनी त्यांना सांगितलं होतं म्हणे, परतीचा आकडा बदलून बघा, मग कमिशनचा, मग किंमत एका पौंडाने वाढवा. एका घराण्याची अब्रू पाच मिनिटांत तीनदा जाते आणि येते.

आणि इथे, मंडळी, माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आपली माणसं या डिग्रीवर इतकी का चिडतात. फी हा बहाणा आहे. पगार हाही बहाणाच. खरी बेअब्रू ही की जे आकडे आमच्या पेठांत सख्ख्या भावाला सांगत नाहीत, ते तिथे वर्गात, भर दुपारी, पडद्यावर मोठे करून दाखवतात! पुस्तकाच्या किती प्रती छापल्या, हे आपल्याकडे विचारायचं नसतं. वयात आलेल्या मुलीचं वय आणि पहिल्या आवृत्तीच्या प्रती, दोन्ही झाकून. पूर्वी ११०० हा ठरलेला आकडा असायचा. आता डिजिटल छपाई आल्यापासून तीनशेचीही आवृत्ती होते आणि शंभराचीही. मुखपृष्ठावर 'सातवी आवृत्ती' असं लाल पट्टीत झळकतं, आपण हात जोडतो. सातवी कितीची, असं विचारणारा माणूस मराठीत जन्मला नव्हता.

तो आता ऑक्सफर्डहून, म्हणजे ब्रूक्सहून, शिकून आला आहे.

झालं काय, भाचीच्या वडिलांचे चुलतभाऊ नारायण पेठेत प्रकाशक आहेत. दोन खोल्या, एक माळा, माळ्यावर गठ्ठे. भला माणूस. कविता तोट्यात काढतो आणि गाइडांत भरून काढतो. मार्च जवळ आला की ग्रंथालयांच्या खरेदीसाठी जिल्हे पालथे घालतो. पोरगी परत आल्यावर सगळ्यांनी मिळून तिला त्यांच्याकडे नेलं, पेढे घेऊन. काकांनी कौतुकाने एक कथासंग्रह हातात ठेवला. ही पठ्ठी पहिलं पान उलटून आयएसबीएन बघते! तेरा आकडी नंबर, तो २००७पासून तेरा आकडी आहे म्हणे, त्याआधी दहा होता. आणि या तिसऱ्या आवृत्तीवर दहाच आकडे. "काका, ही २०१४ची आवृत्ती ना? मग जुना नंबर कसा?" काकांनी चष्मा पुसला. "अगं, छापखान्याने तेच पान उचललं असेल." ती बिचारी हसून सोडून देती तर बरं. पण नाही. "आणि तिसरी आवृत्ती कितीची होती?"

खोलीत इतकी शांतता की खालच्या दुकानातला पंखा ऐकू आला. बहिणीने तिला टेबलाखालून चिमटा काढला. काका म्हणाले, "चहा घेशील ना?"

तिने चहा घेतला, आणि मग तिथल्या तिथे काकांच्या वहीत आखून दाखवलं की त्यांचा सगळ्यात लाडका कवितासंग्रह तोट्यात नाहीच. तोट्यात आहे ते त्यांचं एक जाडजूड, पुरस्कार मिळालेलं चरित्र, कारण त्याचे गठ्ठे अकरा वर्षं माळ्यावर आहेत आणि माळ्याचं भाडं काकांनी कधी धरलंच नव्हतं. काका ती वही बराच वेळ बघत होते. त्यांच्या मुलाला, जो आयटीत आहे आणि या धंद्याकडे ढुंकून बघत नाही, त्यांनी फोन करून बोलावलंसुद्धा, म्हणे "हे बघ, हे बघ." माझ्या मते त्या वर्षभराच्या फीपैकी निदान एक हप्ता त्या दुपारी वसूल झाला. पण हे बहिणीच्या सासूबाईंना सांगू नका, त्या अजून फ्लॅटच्या व्याजाचा हिशेब काढतायत.

पुढचं ऐका, ते जास्त भयंकर आहे. चार दिवसांनी काकांचा निरोप आला: पोरीला आमच्याकडेच पाठवा, घरचंच आहे, काय ते बघू. सगळे खूश. बहिणीने देवापुढे साखर ठेवली. पोरगी गेली, बसली, आणि म्हणाली, "काका, पगार किती, सुट्ट्या किती, आणि मी जी पुस्तकं आणीन त्यांच्यावर संपादक म्हणून माझं नाव छापणार का, एवढं एका कागदावर लिहून द्या."

लिहून! घरच्या माणसाकडे! काकांनी आजवर साहित्य अकादमीवाल्या लेखकाशीसुद्धा करार तोंडीच केला आहे. म्हणे आता वकिलाकडून मसुदा मागवलाय, आणि तो वकीलही विचारतोय की असला करार पुण्यात याआधी कुणी केलाय का, म्हणजे नमुना मिळेल.